हुकमाआधीचा हात

वाटी पडली आणि रेहानने ती धरली. झालं एवढंच. पण अम्मी ओट्यापासून दोन पावलं मागे सरकली.

रेहान शिकलगार स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, तोंड अंगणाकडे, कानाला फोन. फळीवरून घरंगळलेली स्टीलची वाटी त्याच्या कमरेमागून खाली चालली होती. त्याचा डावा हात मागे गेला, वाटी बोटांत आली आणि मग त्याला कळलं, की आपण काहीतरी धरलंय.

"पाठीला डोळं फुटलं का रं तुला?" अम्मी म्हणाली.

"कडेनं दिसली."

"खोटं बोलू नको. बाहेर बघत होतास तू. मी बघत होतो की तुझ्याकडंच."

त्याने वाटी ओट्यावर ठेवली. हात झटकला, जसा पाण्यातून काढल्यावर झटकतात. "गोलकीपरचा हात हाय, अम्मी. पगार त्याचाच मिळतो."

"तुझा हाय तवर ठीक हाय," ती म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली. तिने ते सहज म्हटलं होतं. रेहानला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम आहे, तालमीत कुस्तीचा आखाडा आहे आणि तालमीचा फुटबॉलचा संघ आहे. रेहान नागझरी तालमीचा. त्याला गोलच्या दोन खांबांत उभा केला तो सदानंद ठोंबरेने. सारी पेठ त्याला सदूदा म्हणायची. सदूदा पुण्याच्या भीमा एफसीचा पहिला गोलकीपर होता आणि दोन वर्षांपूर्वी त्यानेच रेहानला तिथे नेलं. "माझ्या मागं एक पोरगा ठेवा, माझ्यापेक्षा बरा हाय," असं त्याने क्लबात सांगितलं होतं. आता सदूदा सदतिसाव्या वर्षात होता, रेहान एकोणिसाव्या; आणि ते वाक्य खरं ठरायची वेळ आली होती.

कारण होतं बनियन.

ते बनवणाऱ्या कंपनीने त्याला मोठं नाव दिलं होतं, पण खेळाडू बनियनच म्हणायचे. अंगाला चिकटून बसणारं, लांब बाह्यांचं, काळं. आतून खांद्यांवर, दंडांवर आणि मनगटांपर्यंत नाण्याएवढ्या मऊ पट्ट्या, आणि छातीवर एक रुंद पट्टी.

पेनल्टीचा चेंडू गोलरेषेपर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही. तेवढ्यात डोळ्याने पाहायचं, मेंदूने ठरवायचं, हुकूम खांद्यापर्यंत पोचवायचा आणि स्नायूने तो पाळायचा. यातच निम्मा वेळ जातो, उरलेल्यात झेप पुरी होत नाही. म्हणून गोलकीपर अंदाजाने एका बाजूला पडतो. पण मेंदूचा हुकूम म्हणजे काय, तर विजेची बारीकशी लहर. तीच लहर बाहेरून कातडीवर दिली तर स्नायू तक्रार करत नाही. मालक कोण हे तो विचारत नाही. गोलच्या भोवती लावलेले कॅमेरे चेंडू मारणाऱ्याच्या कमरेचा वळसा आणि टेकलेल्या पायाचा रोख वाचत. चेंडूला पाय लागायच्या आधीच यंत्राला बाजू कळलेली असे. मग खांद्याला लहर जाई आणि खांद्यामागे सारं अंग.

खरी करामत वेळेत होती. लहर फार आधी आली तर कुणीतरी हिसका दिल्यासारखं वाटतं. पण माणसाचा स्वतःचा हुकूम निघायच्या किंचित आधी, सेकंदाच्या बाराव्या हिश्शाइतकी आधी आली, तर मन ती आपलीच मानतं. हात आधी जातो, मन मागून पोचतं आणि म्हणतं, मीच नेला. मनाची ही सवय क्लबच्या इंजिनिअरने, प्राजक्ता चौगुलेने, प्रत्येक खेळाडूसाठी वेगळी मोजली होती.

"मग अडवलेला चेंडू मी अडवला का त्यानं?" रेहानने तिला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"तुला काय वाटतं?"

"मीच अडवला असं वाटतं."

"मग झालं तर," ती हसली होती. आणि त्याचे हात स्पिरिटने पुसता पुसता समजावलं होतं, "छातीवरची पट्टी मोजते. हातावरच्या पट्ट्या फक्त देतात, त्यांना मोजता येत नाही. म्हणून कातडी स्वच्छ पाहिजे. पट्टी नीट टेकली नाही तर यंत्र आपणहून वीज तोडतं, नाहीतर भाजेल तुला."

काही महिने बनियन घालून सराव केला, की ते काढल्यावरही अंगात थोडी चलाखी उरते. लीगने म्हणूनच त्याला सरावात परवानगी दिली होती आणि सामन्यात बंदी. रेहानच्या अंगात किती उरली होती, ते त्या वाटीने सांगितलं होतं. पण उरलेलं कुठे संपतं आणि विजेचं कुठे सुरू होतं, हे बनियन अंगात असताना त्याला कधीच कळायचं नाही. कुणालाच कळत नसे.

सदूदाने बनियनला पहिल्या दिवशीच नकार दिला होता. "माझं अंग माझं ऐकंना झालं की घरी जाईन," तो म्हणाला होता. "भाड्यानं द्यायचं न्हाई."

हंगाम संपला तेव्हा सदूदाचा करारही संपत होता. गोलकीपरांचे प्रशिक्षक देवधर सर रेहानसाठी अडून बसले. सदूदाचे चाहते त्याच्यासाठी. शेवटी क्लबच्या मालकीणबाई वसुधाताई म्हणाल्या, सगळ्यांसमोर होऊ दे. दोघांनी दहा दहा पेनल्टी झेलायच्या. जो जास्त अडवेल तो पुढच्या हंगामात पहिला गोलकीपर. सदूदा हरला तर त्याचा करार संपला. रेहान हरला तर त्याला आणखी एक वर्ष बाकावर बसवायचं की सोडून द्यायचं, ते क्लब बघेल.

देवधरांनी एकच मागितलं. रेहानने बनियन घालावं. वीज बंद राहील, फक्त छातीच्या पट्टीवर नोंद होईल. वसुधाताईंनी ते मान्य केलं. सदूदानेही खांदे उडवले.

दोघेही कोल्हापूरहून एकाच बसने निघाले. बस आपली आपण चालत होती, पुढची सीट रिकामी, स्टिअरिंग स्वतःशीच वळत होतं. कंडक्टर मात्र होता.

"बघ की," सदूदा म्हणाला, "ड्रायव्हर काढला आन् कंडक्टर ठेवला. पैसे मागायला माणूस, दरीत घालायला मशीन."

"अजून एकदा बी गेली न्हाई दरीत."

"तू आता मशीनच्याच बाजूनं बोलणार, लेका."

रेहान हसला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "सदूदा, उद्या मी जिकलो तर?"

"तर मी पेढे वाटीन आन् घरी बसून तुझ्या चुका काढीन. लई दिवसांची हौस हाय." सदूदाने पिशवीतून स्टीलचा छोटा डबा काढून दाखवला. "माती आणलीया."

नागझरी तालमीची रीत होती. मोठ्या सामन्याआधी थोरल्याने धाकट्याच्या हातांना आखाड्याची माती चोळायची. तांबडी माती, तिळाचं तेल, हळद, ताक, लिंबू. वर्षानुवर्षं मळलेली, लोण्यासारखी मऊ. स्वतःच्या हाताने स्वतःला लावायची नाही, हा नियम.

"तू उद्या माझ्या इरुद्ध हायस," रेहान म्हणाला.

"म्हणून काय झालं? तालीम एकच न्हवं?"

"आन् तुला कोण लावणार?"

सदूदाने डबा परत ठेवला. "वस्ताद गेल्यापास्नं मला कोण लावतंय? माझ्याहून थोरला आता तालमीत उरलाय कोण?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सवय झाली."

पुण्याजवळ पिरंगुटला क्लबच्या मैदानावर दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत सगळे जमले. गोलच्या डाव्या अंगाला मांडवाखाली वसुधाताई, त्यांच्या शेजारी देवधर आणि टेबलावर पडदा ठेवून प्राजक्ता. मांडवाच्या दोरीमागे शे-दोनशे माणसं. चेंडू मारायला क्लबचे पाच जण, ठरलेला क्रम नाही, पहिला गोव्याचा डेरिक.

सदूदा नुसत्या शर्टात गोलमध्ये उतरला. तो झेपा कमी घ्यायचा, वाट बघायचा. डेरिकचा पहिला चेंडू त्याने जागेवर उभा राहूनच छातीशी घेतला, आणि गर्दीत कुणीतरी म्हणालं, "म्हातारा झोपलाय, पण कूस बदलतोय." दहा झाल्या तेव्हा त्याने तीन अडवल्या होत्या. पेनल्टीत तीन म्हणजे पुष्कळ. बाहेर येताना त्याच्या गुडघ्यातून रक्त येत होतं.

त्याने तसाच डबा उघडला. रेहान बनियनच्या बाह्या कोपरापर्यंत वर करून उभा होता. सदूदाने त्याच्या मनगटांना माती चोळली, दोन्ही हातांना सारखी.

"जा," तो म्हणाला. "मनासारखं खेळ."

रेहान गोलकडे निघाला तोच प्राजक्ता टेबलामागून उठून घाईने आली. हातात स्पिरिटचा कापूस. "थांब, थांब. मनगटं दे." तिने माती पुसून काढली. दोनदा, तिसऱ्यांदा, कातडी कोरडी करकरीत होईपर्यंत. बाह्या खाली ओढल्या आणि त्याच्याकडे न बघता परत गेली.

रेहान गोलरेषेवर जाऊन उभा राहिला. मनगटांना स्पिरिट गार लागत होतं.

डेरिकने चेंडू ठेवला. शिट्टी. रेहान उजवीकडे पडला, चेंडू पंजाला लागून बाहेर. टाळ्या. दुसरा चेंडू त्याने वर उडून काढला. तिसरा आत गेला, खांबाला घासून, तो कुणालाच सापडला नसता. चौथा अडवला. कुणीतरी दोरीमागून ओरडलं, "रेहान्या, हात हाय का जाळं!" पाचवा आत.

पाचात तीन. सदूदाशी बरोबरी झाली होती आणि अजून निम्म्या बाकी होत्या. एकच अडवायची होती.

पाणी प्यायला खेळ थांबला. रेहानने बाटली तोंडाला लावली आणि त्याची नजर मनगटावर गेली. मातीचा तांबडा पुसट डाग बाहीच्या कडेला राहिला होता.

छातीवरची पट्टी मोजते. हातावरच्या फक्त देतात.

वीज बंद होती, तर मनगटं कशाला पुसली?

त्याने बाटली खाली ठेवली. मांडवाकडे बघितलं. देवधर वसुधाताईंना काहीतरी हसून सांगत होते. प्राजक्ता पडद्याकडे बघत होती, मान अजिबात न हलवता.

कदाचित सवयीने पुसली असतील. रोज पुसायची, आजही पुसली. कदाचित तिन्ही चेंडू त्याचेच असतील, कित्येक महिन्यांच्या सरावाने अंगात मुरलेले. तेही शक्य होतं. त्याने तिन्ही झेपा आठवून बघितल्या. उजवी. वरची. डावी. प्रत्येक वेळी आतून एकच साक्ष मिळत होती: मी गेलो, मीच गेलो. ती साक्ष कवडीमोलाची आहे, हे त्याला वर्षभर माहीत होतं.

आणखी एक चेंडू अडवला की सदूदा घरी. आणि रेहान आयुष्यभर गोलमध्ये उभा राहणार, हात कुणाचा ते न कळता.

सदूदा गोलच्या मागे सावलीत बसून गुडघ्याला पट्टी बांधत होता. रेहान त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"सदूदा, डबा काढ."

"मघाशी लावली की रं."

"पुसली तिनं."

"पुसली? कशाला?"

रेहान मांडवाकडे पाठ करून उभा राहिला, बनियन कमरेपर्यंत उतरवलं आणि दोन्ही हात पुढे केले. "खांद्यापास्नं लाव. जाड. जागा सोडू नको."

सदूदा क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण पोराचं तोंड तो त्याच्या पंधराव्या वर्षापासून वाचत आला होता. तो उठला. सगळा डबा रिकामा केला. खांदे, दंड, कोपरं, मनगटं. तेलकट तांबडी माती त्याने अशी चोळली, जशी वस्ताद कुस्तीआधी चोळायचा.

"याक ध्यानात ठेव," चोळता चोळता तो हळूच म्हणाला. "तू हरलास तर मी राह्यतोय. हे मला ठावं हाय. तरीबी लावू का?"

"लाव."

रेहानने बनियन वर ओढलं. पट्ट्या मातीवरून घसरल्या, चिकटल्या नाहीत. तो गोलकडे वळला तेव्हा मांडवात प्राजक्ताच्या पडद्यावर एकेक हिरवा ठिपका लाल होत गेला. देवधर वाकून बघू लागले. मग सरळ झाले.

"रेहान," त्यांनी हाक मारली. "हात पुसून घे आधी."

"का, सर?"

"नोंद नीट होत नाही."

"नोंद छातीवरच्या पट्टीत होते, सर. ती स्वच्छ हाय."

वसुधाताईंनी मान वळवली. "काय झालं, देवधर?"

"काही नाही. शिस्तीचा भाग आहे. मातीबिती लावून..."

"तालमीची माती आहे ती. मला माहीत आहे," वसुधाताई म्हणाल्या. "काही बिघडतं का त्याने?"

देवधरांनी प्राजक्ताकडे बघितलं. प्राजक्ताने पडदा हळूच त्यांच्याकडे वळवला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "वीज बंदच आहे ना, सर? मग काय बिघडणार?"

देवधर खुर्चीत बसले. "होऊ दे," ते म्हणाले.

शिट्टी झाली.

सहावा चेंडू आत गेला तेव्हा रेहान अजून जागेवर होता. कितीतरी दिवसांनी त्याला स्वतःचा हुकूम ऐकू आला होता. तो किती सावकाश निघतो, ते बघून तो घाबरला. सातवा आत. रेहान चुकीच्या बाजूला पडला. आठवा त्याच्या बोटांवरून गेला. तोंडात माती आली, तेलाची आणि हळदीची चव. कुणीतरी म्हणालं, "गारठलं की पोरगं."

नववा. डेरिक पुन्हा. रेहान थांबला. पडायचं नाही, अजून नाही. डेरिकचा पाय वळला, आणि रेहान डावीकडे गेला, उशिरा, पुरता ताणून, आणि चेंडू त्याच्या मनगटावर आदळून खांबाबाहेर गेला.

चार. सदूदाच्या तीन. तो जिंकला होता.

दहावा आत गेला, तो कुणी बघितलाही नाही. लोक दोरीखालून आत येऊ लागले होते. देवधर टाळ्या वाजवत उठले. सदूदा लंगडत आला आणि त्याने रेहानच्या पाठीवर थाप मारली. "पेढे कंच्या दुकानातनं आणू?"

रेहान धापा टाकत मांडवापुढे जाऊन उभा राहिला. बनियनच्या गळ्यातून तांबडा घाम गळत होता.

"ताई, पहिल्या पाच परत घ्या."

वसुधाताईंना कळलं नाही. "कसल्या पाच?"

"पहिल्या पाच पेनल्टी. आत्ता जशा झेलल्या तशा. माती लावून."

"अरे, तू जिंकला आहेस."

"पहिल्या तीन माझ्या होत्या का न्हाई, मला ठाऊक न्हाई. कुणाला ठाऊक असंल तर सांगावं."

वसुधाताईंनी आधी देवधरांकडे बघितलं, मग प्राजक्ताकडे, आणि प्राजक्ताने खाली बघितलं. एवढं त्यांना पुरलं.

"डेरिक," त्या म्हणाल्या, "चेंडू ठेव."

लोक पुन्हा दोरीमागे गेले. मोजणी सगळ्यांना तोंडपाठ होती. त्या तीन गेल्या, राहिली एक. पाचात दोन आल्या तर बरोबरी, आणि बरोबरीत क्लब पोरालाच घेणार हे उघड होतं. पहिला आत गेला. दुसरा रेहानने अडवला, पायाने, कसाबसा. तिसरा आत, चौथा आत.

शेवटचा.

डेरिकने चेंडू ठेवताना एकदा सदूदाकडे बघितलं आणि मग नजर वळवली. रेहान रेषेवर उभा होता. खांद्यांवर माती सुकून ताणली जात होती. हा अडवला तर गोल त्याचा, उरलेल्या सगळ्या हंगामांचा. त्याने श्वास सोडला. डेरिक धावला, कंबर वळली, रेहानने ठरवलं, उजवी, आणि हुकूम निघाला, खांद्याला पोचला, खांदा उठला. त्याला प्रत्येक टप्पा कळला. बोटांची टोकं चेंडूला लागली. चेंडू किंचित वळला, खांबाच्या आतल्या अंगाला लागला आणि जाळ्यात गेला.

तो गवतात तोंड खुपसून थोडा वेळ पडून राहिला. वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं. पण हात उशिरा गेला तो त्याचा स्वतःचाच, याबद्दल शंका नव्हती.

त्या दुपारी प्राजक्ताने पहिल्या पाच चेंडूंची नोंद वसुधाताईंना दिली. देवधर रजेवर गेले, ते परत आले नाहीत. रेहानला क्लबने आणखी एक वर्ष ठेवलं, जुन्याच पगारावर, दुसरा गोलकीपर म्हणून. नोंदीत काय निघालं, ते वसुधाताई त्याला सांगणार होत्या. तो म्हणाला, नको.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला स्टेडियम भरलं होतं. खोलीत बुटांचे खिळे वाजत होते. लीग आता सामन्यातही बनियनला परवानगी देणार अशी बोलवा होती, आणि समोरच्या संघाचा गोलकीपर बाविसाचाही नव्हता.

"दिली परवानगी तर काय करशील?" सदूदाने बूट बांधता बांधता विचारलं.

"तू काय करशील?"

"मी तवर घरी असंन. तुझ्या चुका काढत."

रेहानने अम्मीने पाठवलेली पिशवी उघडली. आतून डबा काढला, त्याच्या झाकणाला अजून पिठाचा वास होता. आखाड्यातून माती त्याने स्वतः आणली होती, मळली होती, दोनदा तेल कमी पडलं म्हणून पुन्हा घातलं होतं.

"हात," तो म्हणाला.

सदूदा त्या डब्याकडे बघत राहिला. "खुळा झालास काय? थोरल्यानं धाकट्याला लावायची."

"वस्ताद न्हाई. तालमीत थोरला उरलाय कोण? तूच म्हनलास."

"म्हणून तू?"

"म्हणून मी. हात दे, सदूदा. शिट्टी होईल आता."

सदूदाने बाकावरून मान वळवून खोलीत बघितलं, कुणी बघतंय का ते. डेरिक बघत होता. मग सदूदाने बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात पुढे केले. मनगटांजवळचे केस पांढरे झाले होते. रेहानने बोटांवर माती घेतली आणि चोळायला सुरुवात केली, आधी उजवा, मग डावा, सावकाश, कुठे जागा न सोडता.